शेवटचा खण

संगणक आला तेव्हा शरदिनी आठल्ये पन्नाशीला टेकल्या होत्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली तरुण मंडळी त्या यंत्राला हात लावायला बिचकत होती. बाई मात्र लखनऊला जाऊन शिकून आल्या. मग ग्रंथसूचीच्या कपाटांतला खणामागून खण रिकामा करत त्यांनी कार्डांवरच्या नोंदी संगणकात भरल्या. वाचक खूश झाले. पूर्वी हटकून विचारायला येणारे आता पडद्यावर नाव शोधत, चिठ्ठी देत आणि निघून जात. बाईंच्या टेबलाशी कोणी थांबेना.

थांबत ते फक्त वेणीमाधव गुरुजी, रामघाटावरचे वैदिक. दर गुरुवारी ते एखादं जुन्या विधींचं पुस्तक मागायचे आणि ते हाती येईपर्यंत मराठीत गप्पा मारायचे. बाई मंगला गौरीच्या देवळाजवळच्या खोलीत राहत. भाऊ गेल्यापासून त्या हिंदी मुलखात त्यांच्याशी मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं.

म्हणून कर्मकांडाचा खण त्यांनी शेवटाला ठेवला. कार्डांची कपाटं गोदामात गेली, तरी तो एक खण त्यांच्या टेबलात कुलपाआड राहिला. ग्रंथपालांनी विचारलं की त्या म्हणत, "जुनी कार्डं आहेत, अक्षर लागत नाही." अक्षर मोत्यासारखं होतं.

जूनमध्ये बाई तापानं आडव्या झाल्या. आठवड्यानं कामावर आल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरची इंदू म्हणाली, "दीदी, आपके गुरुजी आए थे. कितना ढूँढा, कम्प्यूटर में कुछ मिला ही नहीं. इतनी धूप में बेचारे खाली हाथ लौटे."

बाईंनी खणाचं कुलूप काढलं. डोकं अजून जड होतं, तरी गुरुवारच्या आत सगळा खण भरून झाला.

गुरुवारी गुरुजी आले. बाई त्या वेळी ग्रंथपालांकडे गेल्या होत्या. परतल्या, तर इंदूनं पडद्यावर बघून पुस्तक काढूनही दिलं होतं.

"वा, वा! टेकायलासुद्धा वेळ मिळाला नाही," गुरुजी म्हणाले. "मागच्या खेपेला फार फजिती झाली हो. यजमानासमोर आठवेल तसं रेटलं. या वयात लाज वाटली."

"चूक माझी, गुरुजी. त्या पुस्तकांची कार्डं मीच भरायची ठेवली होती."

"असू द्या. एवढं डोंगराएवढं काम, राहायचंच एखादं." त्यांनी पुस्तक काखेत मारलं. "आता खुशाल आजारी पडा बाई, माझं काही अडत नाही!"

स्वतःच्या विनोदावर ते खळखळून हसले. बाईही हसल्या.

गुरुजी वाचनकक्षाकडे वळले. त्यांच्यासाठी बाईंनी टेबलाशी ओढून ठेवलेली खुर्ची दुपारभर तशीच राहिली.