एमआरआयच्या रिकाम्या खोलीतली बेल

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, मग एमआरआय टेक्निशियनचा कोर्स केला. भगत, बाधा, उतारा यावरून माझी आणि आईची कायम वादावादी. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. वहिनीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिवा, पण माझं नाव नको."

आमचं गाव धसईपासून चार किलोमीटर आत, मुरबाड तालुक्यात. मी नोकरीला शहापूरला, हायवेजवळच्या एका खाजगी स्कॅन सेंटरमध्ये. सेंटर लहान आहे. बाहेर बाक, मग आमची कन्सोलची खोली, मधे मोठी काच, आणि काचेपलीकडे मशीन.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सातवीत होतो. शेतातले भारे तोपर्यंत आई आणि मी वाहायचो. वहिनीने आल्या वर्षीच माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. म्हणाली, "भावजी, तुमी पुस्तक धरा." तेव्हापासून भाताचे भारे, गवत, लाकडं, पाण्याचे हंडे... सगळं तिच्या मानेवर. आज मी जो काही आहे तो त्या मानेमुळे, हे मला कधी विसरता आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिची मान दुखायला लागली. मग उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. हातातून पातेली सुटायची. मुरबाडला एक्स-रे काढला, तो नॉर्मल. झालं! वाडीत बायका म्हणायला लागल्या की कापणी तोंडावर आली म्हणून हिची मान धरली. आई तसं बोलली नाही, पण गप्प राहिली, आणि वहिनीला तेच जास्त लागलं. मी दादाला समजावलं की एक्स-रेत हाडं दिसतात. दोन मणक्यांमधली चकती दिसत नाही. ती झिजायला लागलेली असली तर सुरुवातीला फक्त एमआरआयमध्येच कळतं. दादा म्हणाला, "काढ. पण त्यात काय नाय निघालं, तर मी घरात कोणाचं तोंड धरू?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. स्कॅन नीट आला नाही तर दहा दिवसांनी वहिनी पुन्हा भाऱ्याखाली.

त्या दिवशी दादाची कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून ती एकटीच दोन एसट्या बदलून आली. दुपारचा दीड वाजला होता. आमच्याकडे बायकांना गाऊन देणं, त्यांची तपासणी करणं हे सगळं एक ताई बघतात. त्या नेमक्या रजेवर होत्या... आणि इथे मी चूक केली. ती कबूल करतो.

नियम असा आहे की पेशंटवरून हातातला मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय आत सोडायचं नाही. पण वहिनीच्या अंगावरून दिराने डिटेक्टर फिरवायचा? माझा हातच उचलेना. गाऊनचं नाव काढलं तर तिने मान खाली घातली. मग मी नुसतं विचारलं. मंगळसूत्र? काढलं. पिना? काढल्या. जोडवी? काढली. साडी-झंपर सुतीच होते. अजून काही धातूचं? "नाय," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. डिटेक्टर ड्रॉवरमध्येच राहिला.

तिला बाकावर बसवून मी समजावलं. आत बोगद्यासारखं आहे, मोठा आवाज होतो, मान हलवायची नाही. हातात रबरी फुगा देईन. "भीती वाटली, काही सांगावंसं वाटलं, की फक्त मूठ आवळायची. इकडे बेल वाजते. मी लगेच येतो." तिने मान डोलावली. उजवा हात पदराखाली होता.

मी कन्सोलवर येऊन तिचं नाव, वजन भरत होतो. तेवढ्यात बेल वाजली.

आत कोणी नव्हतं. काचेतून सगळी खोली दिसते — रिकामं टेबल, आणि त्याच्या हुकाला लटकलेला फुगा. फुग्यात हवा असते, त्याच्या नळीतून दाब आला की बेल वाजते. वायरचा संबंध नाही. नळी कुठेतरी मुडपली असेल म्हणून मी आत जाऊन ती सरळ केली आणि बेल बंद केली.

बाहेर येऊन म्हटलं, "चला वहिनी." ती उठली, आणि बेल पुन्हा वाजली.

या वेळी मी आत जाऊन फुगा हुकावरून काढून हातात घेतला. आमच्या त्या खोलीत एसी अठरावर असतो. तिथली प्रत्येक वस्तू गार लागते. टेबल गार, उशी गार. तो फुगा कोमट होता. एवढ्यातच कोणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखा. सकाळचा शेवटचा पेशंट जाऊन पाऊण तास झाला होता.

पण दोन वाजता पुढचा पेशंट होता आणि मी स्वतःलाच म्हटलं, अरे तू शिकलेला ना? फुगा परत अडकवला. बाहेर येऊन वहिनीला दारापर्यंत आणलं. जाड दार उघडलं. तिचा एक पाय उंबऱ्यावर होता तेव्हा बेल तिसऱ्यांदा वाजली, आणि थांबेचना. मला त्या आवाजाचा राग आला होता. मी म्हणालो, "खराब झालीय ती, लक्ष देऊ नका. या आत."

वहिनी आली नाही. तिने पाय मागे घेतला.

"भावजी, माझ्याजवळ लोखंड हाय."

बेल थांबली.

तिला दारापासून लांब नेऊन बसवलं. मग तिने सांगितलं. आईने भगताकडून एक खिळा आणला होता, जुन्या बैलगाडीच्या चाकाचा. मान जिथे दुखते तिथे, झंपराच्या मागच्या गळपट्टीत आतून शिवला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. आणि अट अशी, की खिळ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की गुण जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... त्या मशीनचं चुंबक कायम चालू असतं. ट्रेनिंगमध्ये मी साधी कात्री हातातून उडून बोगद्यात चिकटलेली पाहिलीय. दोन माणसांना ती ओढून निघाली नव्हती. वहिनीचा खिळा मानेमागे होता, आणि मी तिला डोक्याच्या बाजूने आत सरकवणार होतो. पुढचं मी लिहीत नाही.

शेजारच्या पॅथॉलॉजीतल्या मॅडमना हात जोडून बोलावलं. त्यांनी वहिनीला गाऊन घातला आणि डिटेक्टर फिरवला. मग स्कॅन केला. सुरू करायच्या आधी फुगा वहिनीच्या उजव्या हातात देऊन दाबून बघायला सांगितलं. तिने दोनदा दाबला. बेल वाजली नाही. बोटांत तेवढा जोरच नव्हता. शेवटी डाव्या हातात दिला. त्यानंतर वीस मिनिटं बेल एकदाही वाजली नाही.

स्क्रीनवर एकेक चित्र येत गेलं. निरोगी चकतीत पाणी असतं, ती पांढुरकी दिसते. वहिनीच्या मानेतल्या बाकीच्या चकत्या तशाच होत्या. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली तेवढी काळपट पडली होती, आणि उजव्या बाजूला किंचित बाहेर आली होती. रिपोर्ट देणारे डॉक्टर ठाण्याहून फोनवर म्हणाले, सुरुवात आहे, वेळेत सापडलं. डोक्यावरचं ओझं आजपासून बंद, व्यायाम चालू, ऑपरेशनचं नाव नको. तो खिळा मानेशी राहिला असता तर — बाकी काही न होतासुद्धा — नेमक्या त्याच जागी चित्रात काळा डाग आला असता आणि काहीच कळलं नसतं.

त्या कापणीला भारे मी आणि दादाने वाहिले. मी आठ दिवस रजा टाकली. वाडीतल्या बायका बघत होत्या. आईने रिपोर्टची फिल्म उन्हात धरून बराच वेळ पाहिली. मी काळी चकती दाखवली तेव्हा तिने चुंबळ उचलून माळ्यावर टाकली. खिळ्याबद्दल मात्र म्हणाली, "वाचवलं कोणी मग? त्यानंच ना?" मी वाद घातला नाही.

मशीनचा इंजिनिअर येऊन गेला. नळी, फुगा, बेल, सगळं तपासलं. दोष सापडला नाही. मी ताईंना आणि मालकांना माझी चूकही सांगितली. आता समोर सख्खी आई असली तरी डिटेक्टर आधी.

हे इथे संपलं असतं. पण झोडणी चालू असताना एका दुपारी वहिनी खळ्यावर पाणी घेऊन आली. तांब्या डाव्या हातात होता. दादा लांब होता. तिने हळूच विचारलं, "भावजी, ती बेल आपोआप वाजत होती का वो?"

मी म्हटलं, कारण सापडलं नाही.

"मी बाहेर बसून मूठ आवळत होते," ती म्हणाली. "तुमी बोल्ला ना, काय सांगायचं असंल तर आवळायची. मला खिळ्याचं सांगायचं होतं, पन तोंड उघडायची बंदी. म्हनून पदराखाली नुसतीच आवळली. तीनदा. बेल वाजली तशी मी घाबरले."

मी विचारलं, कोणत्या हाताने.

तिने उजवा हात पुढे केला. तोच, ज्याने फुगा हातात असूनही बेल वाजली नव्हती.

मी आजही तिथेच नोकरी करतो. बाकावरून त्या फुग्यापर्यंत मधे एक काच, एक जाड दार आणि अठरा-वीस फुटांचं अंतर आहे. मी ते टेपने मोजलंय. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.