पोटातलं वासरू आणि आकड्यांचा रकाना

काल दुपारी नात पुण्याहून फोनवर सांगत होती... त्यांच्या ऑफिसात जुना डेटाबेस बंद न करता जागच्या जागी नवा करतायत. ज्या रकान्यात शब्द होते, तिथं आता फक्त आकडे. ऐकता ऐकता मी पोचले थेट भूमकडच्या आमच्या गावात, दुष्काळाच्या साली...

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. मी मॅट्रिक, अक्षर बरं, म्हणून चारावाटपाची वही माझ्याकडं. जनावराच्या रकान्यात मी लिहायची, ‘तांबडी गाय, गाभण’, ‘पांढरा बैल, म्हातारा’... वाचताना सगळा गोठा डोळ्यांपुढं हलायचा.

मग तालुक्याहून हुकूम आला, त्या रकान्यात शब्द नकोत, चाऱ्याच्या वाट्यांचा फक्त पूर्ण आकडा पाहिजे. वाटप रोजचं, थांबवता येईना. अन् अर्धी कोरी वही टाकून द्यायला माझा जीव होईना. खळ शिजवली, जुन्या नोंदींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि देवीचं नाव घेत एक, दोन, तीन लिहीत गेले. किती नेटकं दिसलं!

गाभण गायीला दीड वाटा द्यायची आमच्याकडं रीत. पट्टीवर तिचा झाला एक... माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पारूमावशी ओसरीवर आल्या. त्यांची एकच गाय, दिवस भरत आलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

“का गं सूनबाई, पोटातलं वासरू तुझ्या वहीनं गिळलं व्हय?”

“मावशी, साहेबांना पूर्ण आकडाच लागतो हो.”

“मग अर्धं वासरू साहेबाच्या दारात बांधू का?”

मला हसू आलं, अन् डोळेही भरले. वही उन्हात धरली... पट्टीआडून जुनी अक्षरं दिसली, तळ्यातल्या मासोळ्यांसारखी. ‘तांबडी गाय, गाभण.’

तेव्हा सुचलं. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘अर्धे वाटे’. साध्या गायीला दोन, गाभणीला तीन, वासराला एक. सगळे आकडे पूर्ण! एकेक पान उन्हात धरून दुरुस्त केलं आणि मावशींचा तीन दिवसांचा राहिलेला चारा आधी पोचता केला.

दिवेलागणीला त्यांच्या गोठ्यात गेले. गाय डोळे मिटून सावकाश रवंथ करत होती... मावशींनी माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. आतून एक हलकी ढुशी बसली. इतकं भरून पावल्यासारखं मला देवळातही क्वचितच वाटलंय...