पावतीशिवाय घेतलेलं लायसन

मी लिहावं एवढी माझी पोच नाही, हे आधीच कबूल करतो. दौंडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजच्या फाटकातून आत कुणी गेलेलं नाही. सर चांगल्या लेखनाविषयी बोलतात तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि हे आपलं काम नव्हे असं वाटत राहतं. चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी सांगितली नाही, तर ती घडलीच नाही असं ठरवायला लोक बसलेले आहेत. म्हणून लिहितो.

आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. डोक्यावर गाडीच्या कागदांची पिशवी. दोन्ही हातांनी धरलेली.

आबा म्हणजे माझे वडील. चौफुल्याहून शिरूरला जाणाऱ्या रस्त्यावर बाभळीखाली तपासणी पथकाची जीप लावलेली होती. सावली जीपला. ऊन आम्हाला. दिवाळीची सुट्टी होती, क्लीनर गावी गेला होता, म्हणून मी आबांबरोबर गाडीवर होतो. कुरकुंभच्या एका कारखान्यातले ड्रम शिरूरकडं पोचवायचे होते. ट्रक मालकाचा. आबा ड्रायव्हर.

पथकातल्या आरटीओ साहेबानं कागद मागितले. आबांनी पिशवी उघडली आणि साहेबाच्या कडक इस्त्रीच्या पँटवर भंडारा सांडला. पिवळा.

त्याचं कारण सांगतो. आमची मेंढरं होती. आजोबांनी ती विकली आणि आबा गाडीवर गेले. खंडेनवमीला आमच्यात गाडी पुजतात. स्टेअरिंग, टायर, पाने, लोखंडी टॉमी, सगळं. आई कागदांची पिशवीसुद्धा पाटावर मांडते आणि वर भंडारा उधळते. ज्याच्यावर घर चालतं ते पुजायचं. दर वर्षाचा भंडारा त्या पिशवीत साठत गेला होता. घामानं, पावसानं कागदांना चिकटून बसला होता. पासिंगच्या कागदावर, जिथं मुदतीची तारीख असते, नेमका तिथं मोठा डाग होता. आबांना त्याचं काही वाटत नव्हतं. पुजलेला कागद खोटा निघत नाही, असं ते म्हणायचे.

साहेबानं तो कागद उन्हाकडं धरला.

"हे काय रे?"

"भंडारा हाय साहेब. देवाचा."

"देवानं तारीख खाल्ली का?"

जीपमधला ड्रायव्हर हसला. साहेबानं नखानं डाग खरवडला. तारीख निघाली. पासिंगची मुदत संपलेली होती. साहेब म्हणाला, वर हळद लावून लपवतोस होय. आबा म्हणाले, मालकांनी सांगितलं व्हतं कागद ओके हायती. ते खरं होतं. गाडी पासिंगला कधी न्यायची ते मालक ठरवायचे. आबांना इंग्रजी वाचता येत नाही. मराठीतली सही तेवढी येते.

"मेंढरं वळायची सोडून गाडीवर कुणी बसवलं तुला? पुजतोस ना कागद? मग घे डोक्यावर. आणि हालू नको."

आबांनी घेतले. लगेच. कुणी तांब्याभर पाणी मागावं आणि द्यावं, तितक्या सहज. मला तेच सोसलं नाही. त्यांनी एकदा तरी साहेबाकडं बघायला हवं होतं.

शिरूरची एसटी गेली. खिडक्यांतून माणसं बघत होती. मी चाकामागं सरकलो, तर साहेबाचं लक्ष माझ्याकडं गेलं. हा कोण, म्हणाला.

"पोरगं हाय माझं. कालेजात हाय," आबा म्हणाले. डोक्यावर पिशवी धरून, अभिमानानं.

साहेबानं परमिट माझ्या हातात दिलं. वाच म्हणाला. मोठ्यानं. मी वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीत एका लांबलचक इंग्रजी शब्दावर अडलो. परत वाचला. परत अडलो. मग साहेब आणि त्याचा ड्रायव्हर, दोघंही हसले.

"बापानं पुजायचं, पोरानं अडखळायचं. चाललंय की कॉलेज."

शेवटी साहेबानं आबांचं लायसन मागून घेतलं आणि खिशात घातलं. मालकाला पाठव म्हणाला. गाडी ने म्हणाला. पावती नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. पासिंग नसलेली गाडी भरून तशीच पुढं जायला त्याची हरकत नव्हती.

शिरूर आलं तसा आबांनी वेग कमी केला. मग गिअर टाकता टाकता म्हणाले, "परीक्षा कवा हाय तुझी?"

मालकांना आम्ही दादा म्हणतो. गावात त्यांचा शब्द चालतो. दादा म्हणाले, बघू. बघू म्हणता म्हणता दिवाळी गेली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली. विनालायसनचा ड्रायव्हर नको म्हणून दादांनी ट्रकवर दुसरा माणूस बसवला. आबांना म्हणाले, रिकामा बसून काय करतोस, गोठ्याकडं बघ. गाडीचं पासिंग गुपचूप करून आणलं. लायसन मात्र आणलं नाही. पासिंग मालकाचं राहिलेलं, लायसन ड्रायव्हरचं गेलेलं. आमच्या भागात असंच चालतं. ड्रायव्हरचं लायसन म्हणजे मालकाच्या चुकीसाठी ठेवलेलं तारण.

मला तो अडलेला शब्द झोपू देत नव्हता. कॉलेजच्या लायब्ररीत मोटार वाहन कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं. कुलपातल्या कपाटात. मागितलं तर हे तुमच्या अभ्यासक्रमात नाही म्हणाले. दोनदा परत पाठवल्यावर तिसऱ्यांदा मिळालं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. एकेक ओळ. निम्मं कळलं नाही. पण एक जागा कळली आणि माझे कान तापले. लायसन काढून घेतलं तर घेणाऱ्यानं तात्पुरती पोच द्यायलाच पाहिजे. लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. म्हणजे आबांना गोठ्यात बसायची गरजच नव्हती. एक कागदाचा तुकडा. तो मागायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या घरात कागद पुजले जात होते, वाचले जात नव्हते. आणि वाचता येणारा मी त्याच घरात जेवत होतो.

मग एका सकाळी दादांनी आबांना बोलावलं. मीही गेलो. दादा खुर्चीवर, आबा उभे. दादांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

"सही कर. परवा लायसन हातात. साहेबाशी बोललोय मी."

आबांनी पेनचं टोपण काढलं. मी तो कागद उचलला. मोठ्यानं वाचला. 'सदर कागदावरील तारीख मी स्वतः पुसली असून पासिंगची मुदत संपल्याची गाडीमालकांना कोणतीही कल्पना नव्हती.'

या वेळी एकाही शब्दावर अडलो नाही.

"वाचायला कुणी सांगितलं तुला?" दादा म्हणाले.

"कुणी न्हाई. आबा, सही करू नका."

दादा आबांकडं बघून हसले. म्हणाले, शिकवा अजून. मला पाठ केलेलं सगळं बोलायचं होतं, कलमांसकट. बोललो एवढंच:

"दादा, पासिंग करायचं काम तुमचं. पावती द्यायचं काम साहेबाचं. आबांचं काम गाडी चालवायचं. ते त्यांनी केलंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"वाचलंय त्यानं, दादा. मला न्हाई येत."

उद्यापासून येऊ नको, दादा म्हणाले.

आता आबा कुरकुंभला ठेकेदाराकडं हमाली करतात. जे ड्रम ते गाडीतून न्यायचे, तेच आता दुसऱ्यांच्या गाडीत चढवतात. आईनं मला सरळ सुनावलं. सही केली असती तर तुझा बाप आज स्टेअरिंगवर असता, तुझं वाचणं आपल्याला म्हाग पडलं. तिचं खोटं नाही.

वस्तीवरचे ड्रायव्हर संध्याकाळी पिशव्या घेऊन येतात. मी एकेक कागद वाचतो. पासिंग, परमिट, विमा, टॅक्स. कशाची मुदत कधी संपते ते पुठ्ठ्यावर मराठीत लिहून देतो, स्टेअरिंगसमोर लावायला. मुदत संपायच्या आधी मालकाला सांगा, चार माणसांसमोर सांगा, म्हणतो. लायसन मागितलं तर दाखवा, ठेवून घेतलं तर पोच मागा. ते मान हलवतात. मागतील का, माहीत नाही. साहेबासमोर उभं राहिल्यावर माणसाचं काय होतं ते मी बघितलंय.

आरटीओ ऑफिसला मी रजिस्टर पोस्टानं अर्ज केला होता. लायसन कुठं घेतलं, कुणी घेतलं, पोच का दिली नाही. उत्तर येईना. दुसरा अर्ज केला. पोस्टमन मला लांबून बघूनच मान हलवायचा.

काल उत्तर आलं. आबा कामावरून आले, हातपाय धुऊन समोर बसले. वाच म्हणाले. मी वाचलं. 'आपण नमूद केलेले लायसन या कार्यालयात जमा नाही, तसेच त्या ठिकाणी अशी कोणतीही कारवाई झाल्याची नोंद नाही. लायसन गहाळ झाले असल्यास पोलीस ठाण्यात तशी तक्रार देऊन दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा.'

आबांनी परत वाचायला लावलं. मग खाली बघून म्हणाले, "मग लिव्ह गहाळ. दुसरं तरी मिळंल."

"गहाळ कुठं झालं, आबा? तुमच्या हातातनं घेतलं. मी व्हतो तिथं."

उद्या ठाण्यात जायचं आहे. तिथला हवालदार गहाळ लिही म्हणेल. दिवसभर बाकावर बसवून ठेवेल. बसेन. परवा परत जाईन. गहाळ लिहिणार नाही. घेतलं असं लिहीन. कुणी घेतलं, कुठं घेतलं, आणि घेताना माझ्या बापाच्या डोक्यावर काय होतं, तेही लिहीन.