बोट लागल्याचं निमित्त

उत्तरा पेंडसेला दिवस गेले आहेत हे ठाण्याला, कोपरीतल्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. इटलीची बोट सुटायच्या थोडं आधी तिचं तिला कळलं, आणि ती गप्प बसली.

चौपन्न सालची ही गोष्ट. तिचा नवरा प्रभाकर कोलशेतकडच्या एका लोकरीच्या गिरणीत इंजिनिअर होता. गिरणीने इटलीतून यंत्रं मागवली होती आणि ती शिकून यायला त्याला वर्षभर तिकडे धाडत होते. बायकोमुलीला न्यायला हरकत नव्हती. मुलीच्या, चित्राच्या पाठीवर उत्तराचे दोन गर्भ पडले होते. दोन्ही वेळी प्रभाकर कामासाठी नागपूरला, आणि ती सासूबाईंच्या देखरेखीखाली पलंगावर पडून. या खेपेला तोंडातून शब्द काढला असता तर पुन्हा तोच पलंग. बोट तिला मागे ठेवूनच गेली असती.

बोटीवर रोज उलट्या व्हायच्या. "बोट लागलीय," ती म्हणायची. निम्म्या लोकांचं तेच चाललं होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण रात्री सगळे झोपले की ती पोटावर हात ठेवून पडून राहायची. काही झालं तर दोष सर्वस्वी आपलाच, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग जिनोआ बंदर आलं. पायाखाली जमीन आली आणि तिची धाकधूक वाढली. आता कशाचं नाव सांगायचं?

गाडीला अवकाश होता. सामान स्टेशनवर ठेवून तिघं बंदरामागच्या अरुंद गल्ल्यांत काही खायला मिळतं का बघायला गेली. दुकानादुकानांतून मांसाचे तुकडे टांगलेले. उत्तराने पदर नाकाला लावला तो लावलाच. एका ठिकाणी मात्र एक माणूस भट्टीतून परातीएवढं तांब्याचं भांडं बाहेर ओढत होता. आत पिवळंधमक, कडेला करपलेलं काहीतरी होतं. कशाचं, असं प्रभाकरने खुणेने विचारलं. त्याने मूठभर पीठ पुढे धरलं. उत्तराने वास घेतला.

"अहो, हे तर हरभऱ्याचं पीठ! धिरडंच की हे."

"चरबी नसेल ना त्यात?"

त्या माणसाने तेलाची बाटली दाखवली. उत्तराने उभ्याउभ्या दोन मोठे तुकडे खाल्ले. कितीतरी दिवसांनी पोटात अन्न टिकलं.

"आई, मिरची घालायला विसरले हे लोक," सहा वर्षांची चित्रा म्हणाली.

गाडीत लाकडी बाकं होती. समोर काळा पोशाख केलेली एक भरदार बाई बसली होती, साधारण सासूबाईंच्या वयाची. गाडी डोंगरात शिरली, बोगदा आला. "पारसिक!" ठाण्याजवळचा बोगदा आठवून चित्रा ओरडली. पण हा बोगदा संपेचना. डब्यातल्या मिणमिणत्या उजेडात बाईने मांडीवर फडकं पसरलं, पाव काढला आणि सुरीने खारवलेल्या मांसाच्या चकत्या कापायला घेतल्या. त्या वासासरशी उत्तरा उठली ती थेट संडासाकडे धावली.

तिच्या मागून प्रभाकर नाही, ती बाई आली. तिने उत्तराचं कपाळ घट्ट धरलं, पाठ चोळली, तोंड पुसलं. मग तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि हसली. नको, नको, असं उत्तरा मराठीतच म्हणाली.

जागेवर आल्याबरोबर बाईने प्रभाकरपुढे दोन्ही हात झोळीसारखे करून झुलवले.

"हो हो, आमचीच मुलगी," प्रभाकर चित्राकडे बोट करून म्हणाला.

बाईने मान हलवली आणि उत्तराच्या पोटाकडे बोट दाखवलं.

प्रभाकरचा चेहरा उतरला. तो हलकेच म्हणाला, "कितवा?"

"तिसरा लागलाय."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"आणि तरी बोटीवर चढलीस? अगं, काही झालं असतं म्हणजे?"

"घरात राहून नाही का झालं? दोनदा?" ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही नव्हतात."

प्रभाकरने स्वतःचा कोट काढून तिच्या पाठीशी दिला.

गाडी बदलायची होती त्या स्टेशनवर उतरताना तिच्या ओटीपोटात कळ आली. ती ओळखीची कळ होती. ती फलाटावरच्या बाकावर बसली आणि तिला उठवेना. पुढची गाडी लागली होती, हमाल ट्रंका घेऊन डब्याशी उभा होता. प्रभाकरने त्याला परत बोलावलं. डॉक्टर कसा मागायचा तेही त्याला सुचत नव्हतं. ती काळ्या पोशाखातली बाई याच गावची. ती घरी गेली नाही. तिने उत्तराला आडवं केलं, पायांखाली वळकटी सरकवली आणि हात हातात धरून बसली. त्यांच्यादेखत गाडी निघून गेली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कळा ओसरल्या. बाईच्या आधाराने उत्तरा स्टेशनच्या संडासात जाऊन, डाग नाही ना ते बघून आली. प्रभाकर दाराशीच उभा होता.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं नीट आहे."

तो मटकन ट्रंकेवर बसला. चित्राला वाटलं बाबा पडले.

उरलेले महिनेही भीतीतच गेले. कोपरीला कळवलं ते सातवा सरल्यावर. ऑक्टोबरात त्या परक्या गावी मुलगा झाला, आनंद. तो सहा महिन्यांचा झाल्यावर ती सगळी ठाण्याला परतली. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातवाला घेतलं, पण सुनेशी अवाक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावता लावता त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," उत्तरा म्हणाली.

सासूबाईंनी बाळाला उताणं केलं. "पाणी काढ," त्या म्हणाल्या. "फार कढत नको."