त्याचं ओके

विताना करडू अडकलं होतं आणि माझी एकुलती एक शेळी ओरडायचीही थांबली होती. गुरांना औषध द्यायला भोंगवलीहून येणारा तो माणूस आत हात घालून "ओके, ओके" म्हणत होता. त्याचं हळू ओके म्हणजे थांबा, तुटक ओके म्हणजे गप्प बसा. हा शब्द त्यानं सारोळ्यात ट्रकवाल्यांकडून उचलला. मास्तर म्हणतात, अमेरिकेतून आला. कुठून का येईना.

"तुजं ओके घाल चुलीत. शेळी जगंल का?"

"ओके, आजी. पाय धरा तिचं."

म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. तिला धरून धरून माझे हात भरून आले होते.

पहिलं करडू मेलेलंच निघालं; ते त्यानं शेळीला दिसणार नाही असं पाठीमागं ठेवलं. मग दुसरं काढलं आणि त्याच्या नाकातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकला.

शेळी जगली, आणि ते दुसरं करडूही.