करदोड्याखालची खपली

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथले धोंडूमामा कुणाकडेही चहा पितात, पण यजमानाने पहिला घोट घेतल्यावर. मुंबईच्या मुलाने दिलेला मोबाइल ते भाताच्या कणगीत पुरून ठेवतात. का, तर तो ऐकतो.

अशा माणसाला दिवाळीनंतर ताप भरला. गावात चार दिवस सुया टोचून घेतल्या, ताप हटेना. पाचव्या दिवशी मामा बरळायला लागले, तेव्हा मी माझ्या मोटारसायकलवर त्यांना मधे बसवलं, मागून मामींनी धरलं आणि महाडचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी त्यांचे तळहात उजेडात धरले. लाल ठिपके. तळपायांवरही तेच.

“रानात गेला होतात?”

“नाय.”

“घरी गुरं? गोचीड?”

“आमच्याकडं कायच नाय.”

मामांच्या बैलांनी हे ऐकलं असतं तर वैरण सोडली असती.

भीती वेगळीच होती. शेजारी उभ्या राजश्री सिस्टरचा भाऊ वनरक्षक, आणि मामांनी आठवड्यापूर्वीच राखीव रानातून गोठ्याला दोन खांब तोडून आणलेले. मला ठाऊक, कारण खांबांचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर होतं. म्हणून मीही गप्प.

“गोचिडाचा ताप असेल तर औषध आजच सुरू करायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “उशीर झाला तर मेंदूवर, मूत्रपिंडावर जातो.”

मामींचा चेहरा पाहवेना, शेवटी मीच बोललो, “गेलो होतो, सर. दोघंही.”

“फितूर!” मामा एवढं मात्र स्पष्ट बोलले.

सिस्टर मामांची कंबर तपासायला वाकल्या. मामांनी करदोडा मुठीत धरला.

“सोडा मामा. माझा भाऊ माझा फोनसुद्धा उचलत नाही, त्याला कुठून सांगू?”

करदोड्याखाली बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती. गोचीड तिथंच चावला होता. रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लीन चालू केलं.

“आधी याला द्या एक,” मामा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, “बरं वाटलं तरी उरलेल्या गोळ्या संपवायच्याच.” मामांनी गोळ्यांकडे पाहिलंही नाही, दवाखान्याचा कागद माझ्यापुढे धरला.

“काय लिवलंय?”

“गोचिडाच्या तापाचा संशय.”

“संशयच ना? कुठलं रान, ते नाय ना लिवलं?”

“नाय.”

“मग आण गो पाणी,” मामा मामींना म्हणाले. “घेतो सगळ्या.”