रांगितोतोच्या बसमधला तिसरा

ऑकलंडच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा आमच्या लग्नाला अर्धं वर्ष उलटून गेलं होतं आणि मधुचंद्र त्या दिवशी होता. वैदेही इथल्या एका इस्पितळात नर्स. रजेवर सांगलीला आली, मला पाहिलं, लग्न केलं आणि हळदीचा रंग उतरायच्या आत कामावर परत गेली. माझा व्हिसा येईपर्यंत गणपती गेले, दिवाळी गेली. मी पोहोचलो तो डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात. तिला सुट्टी मिळाली एका रविवारची. आणि सोमवारपासून मला ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात खोकी उचलायला जायचं होतं. सांगलीच्या हायस्कुलातला माझा भूगोल इथं कुणाला नको होता. तेव्हा हा एकच दिवस आमचा होता.

माउंट रॉस्किलमधल्या आमच्या भाड्याच्या जागेत पहाटे उठून मी थालीपिठं लावली. वैदेहीनं कोपऱ्यावरच्या डेअरीतून (इथं वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) पाण्याच्या बाटल्या आणल्या. रांगितोतो बेटावर दुकान नाही की ओढा नाही.

बोटीतून बेट समोर दिसत होतं. दोन्ही बाजूंनी सावकाश चढत गेलेला हिरवा उतार आणि मधोमध बसकं टोक. मी म्हणालो, “हा ज्वालामुखी अगदी तरणा आहे. जेमतेम सहाशे वर्षांचा. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण त्याच्यापुढे हे बाळ.”

“मास्तर, आज सुट्टी आहे,” असं म्हणून ती माझ्या खांद्याला टेकली. इतकं बरं वाटलं मला.

तेवढ्यात मागून हाक आली. “वैदेही! किया ओरा!” (माओरी नमस्कार.) उंच, उन्हानं लालबुंद झालेला, अर्ध्या चड्डीतला एक माणूस हातात रंगाचा डबा घेऊन उभा होता. वैदेही उठली आणि त्यानं तिला सरळ मिठी मारली. इथं तशी पद्धत आहे हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर होणं वेगळं.

“हा ग्रँट. आमच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे,” ती म्हणाली. “आणि ग्रँट, हा माझा नवरा, श्रीकांत.”

ग्रँटनं माझा हात जोरात दाबला. बेटावर त्याच्या आजोबांची बाच (सुट्टीत राहायची लाकडी खोली) होती आणि तिचं छप्पर रंगवायला तो निघाला होता. बोलता बोलता त्याची नजर माझ्या मांडीवरच्या डब्याकडे गेली.

“थालीपीठ?” त्यानं विचारलं. उच्चार वाकडा होता, पण शब्द तोच. “आणि लोणचं?”

मी डबा पुढे केला. त्यानं तुकडा मोडला, लोणच्याच्या खारात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. लोणच्याची फोड नुसती न खाता खार लावून घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवलं असेल, ते विचारायची गरज नव्हती.

तिकिटावर टूर बस असं लिहिलं होतं. धक्क्यावर पाहतो तर ट्रॅक्टर, आणि त्याच्यामागे छपराचे, बाकं लावलेले दोन डबे. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्या जोडतात तसेच. मी खाली वाकून काळ्या दगडाचा फोटो काढेपर्यंत बाकं भरली होती. वैदेहीशेजारी ग्रँट बसला होता. मला पाहून तो लगेच उठू लागला.

“नाही नाही, बसा,” मी म्हणालो. सांगलीचा शिष्टाचार नको तिथे आडवा आला. मला सगळ्यात मागे, एका घोरणाऱ्या प्रवाशाशेजारी जागा मिळाली.

ट्रॅक्टर खडखडत निघाला. दोन्हीकडे नुसता काळा, खडबडीत लाव्हा. नांगरलेलं रान तसंच दगड व्हावं, असा. माती कुठेच नाही आणि तरी त्या भेगांतून पोहुतुकावाची झाडं वर आलेली, लालभडक तुऱ्यांनी लवलेली. असा देखावा मी जन्मात पाहिला नव्हता. पण खरं सांगतो, मी तो धड पाहिलाच नाही. मी दोन पाठी पाहत होतो. एक तिची, एक त्याची. ती हसली की तिचे खांदे हलत. माझ्याबरोबर ती इतकी हसली होती का, ते मी आठवून पाहत होतो.

गाइड बाई माइकवर म्हणाली, “मंडळी, आज आपल्यात एक नवं जोडपं आहे. मधुचंद्राला आलंय!” नोंदणी करताना वैदेहीनं तिला सांगितलं असणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैदेहीच्या पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी वळून ग्रँटचा हात दोन्ही हातांत घेतला.

“किती शोभता हो तुम्ही दोघं! सुखी राहा.”

ग्रँट कानापर्यंत लाल झाला. शेवटी वैदेहीच म्हणाली, “नाही, माझा नवरा मागे बसलाय.” आजीबाई ओशाळल्या, लोक हसले, मीही हात हलवला. पण नाही म्हणायला ग्रँटला जो उशीर झाला, तो मी पाहिला होता. आजीबाईंचं बोलणं क्षणभर खरं मानून घ्यायला त्याला आवडलं होतं.

खाडीजवळ तो उतरला. “परतताना चहाला या,” म्हणाला आणि रंगाचा डबा घेऊन चालू लागला.

ट्रॅक्टर थांबतो तिथून टोकापर्यंत लाकडी पायऱ्या आहेत. मी पुढे, वैदेही मागे. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, “बोल की काहीतरी.”

“त्याला तू आवडतेस.”

ती कठड्याला टेकून उभी राहिली. “त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. मी नाही म्हणाले. त्यानंतर सांगलीला आले.”

मी मागे वळलो. “आणि मग मी बरा वाटलो?”

“हो.”

“का? मी त्याच्याहून काय बरा आहे?”

“बरा-वाईट नाही रे. त्याच्याबरोबर मला सगळं समजावून सांगावं लागायचं. आई फोनवर का रडते, सोमवारी मी का जेवत नाही. दमले होते मी. वाटलं, असा कुणीतरी असावा ज्याला काही समजावावं लागणार नाही.” ती पुन्हा चढू लागली. “आता कळतंय, तुलाही समजावावंच लागणार.”

मला हसू आलं नाही. राग कुणावर काढावा हेही कळेना. टोकावर पोहोचलो. एकीकडे झाडांनी भरलेलं ज्वालामुखीचं विवर आणि दुसरीकडे निळ्या पाण्यापलीकडे सगळं ऑकलंड पसरलेलं. तिथं कुठेतरी तिचं इस्पितळ होतं. मी येण्याआधीची तिची वर्षं त्या शहरात जगून झाली होती आणि त्यातला एकही दिवस मला मिळणार नव्हता. ग्रँटचा नव्हे, मला त्या दिवसांचाच हेवा वाटत होता.

उतरल्यावर ती म्हणाली, “चहाला जायचं की नाही, तू ठरव. नाही म्हणालास तरी मी काही म्हणणार नाही.”

“जाऊ,” मी म्हणालो. न जाता उरलेला दिवस काढणं जास्त अवघड होतं.

ग्रँट शिडीवर होता. उतरून त्यानं हात पुसले, गॅसवर किटली ठेवली. वैदेही समुद्राकडे गेली, मुद्दामच गेली असावी. चहा ओतताना तो खाली बघत म्हणाला, “बसमध्ये त्या बाईंना मी लगेच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

“हो,” मी म्हणालो. “सांगायला हवं होतं.”

त्यानं मान डोलावली. चहा पांचट होता, पण मी सगळा प्यायलो. मित्र झालो असं म्हणणार नाही. पण त्यानंतर त्याच्याकडे बघताना मान वळवावीशी वाटली नाही.

परतीच्या बोटीत वारा सुटला होता. आम्ही दोघं आतल्या बाकावर बसलो. प्रवासाला निघालेला माणूस नवा मुलूख पाहायला जातो. मला वाटलं होतं, बेट पाहून येईन. पाहिला तो माझ्या बायकोचा मुलूख, आणि त्याच्या किनाऱ्याला मी नुकताच लागलो होतो.

“तू इथं आलीस त्या पहिल्या दिवसापासून सांग,” मी म्हणालो. “काही गाळू नकोस.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग सांगू लागली. विमानतळावर घ्यायला कुणी आलंच नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात खोलीत इतकी थंडी होती की ती स्वेटरवर स्वेटर घालून, युनिफॉर्मसकट झोपायची. एका सकाळी वॉर्डात तिचे हात थरथरताना कुणीतरी पाहिलं आणि त्या संध्याकाळी दारात हीटर आणून ठेवला.

“कुणी?” मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं.

“ग्रँटनं.”

बोट धक्क्याला लागत होती. लोक उठले, आम्ही बसून राहिलो.

“पुढे?” मी म्हणालो.